अर्धा डबा तेल

दर दिवाळीआधी आम्ही दोघी मिळून शेंगदाणा तेलाचा पंधरा किलोचा एक डबा घ्यायचो. दोघी म्हणजे मी आणि समोरच्या दारातल्या वहिनी. नवीन पनवेलात आमची दारं समोरासमोर होती, मधे जेमतेम चार पावलांचं अंतर. डबा त्यांच्या स्वयंपाकघरात फुटायचा, कारण त्यांचा हात स्थिर. तांब्याने माप घालून त्या अर्धं तेल माझ्या किटलीत ओतायच्या, थेंबही सांडायचा नाही. मी ओतलं असतं तर फरशीवरच चकल्या तळता आल्या असत्या, असं त्या सगळ्या जिन्याला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणायच्या.

वहिनी पनवेलजवळच्याच नेरे गावाकडच्या, शेतकरी घरातल्या. नवरा तळोज्याच्या कारखान्यात. माझ्याहून सात-आठ वर्षांनी मोठ्या. शाळेचं तोंड त्यांनी कधी पाहिलं नव्हतं. फौजेतल्या भावाचं पत्र आलं की पदराखाली धरून माझ्याकडे आणायच्या आणि मी वाचून दाखवायची. मी शाळेत शिकवते म्हणजे मला सगळं कळतं, असा त्यांचा ठाम समज होता. खोटं कशाला बोलू, माझाही होता.

नव्वद सालच्या आगेमागेची गोष्ट. नवरात्र संपलं होतं. आंघोळ करताना उजव्या छातीत हाताला काहीतरी लागलं. लिंबाच्या बीपेक्षा मोठं, सुपारीपेक्षा लहान. बादलीतलं पाणी गार होईपर्यंत मी तशीच बसून राहिले. पाचावर धारण बसली म्हणजे काय, ते त्या मोरीत कळलं. माझी मावशी याच रोगाने गेली होती. तिच्या खोलीतला वास आणि दाराबाहेर कुजबुजणाऱ्या बायका, दोन्ही मला लख्ख आठवत होतं. माझी मुलगी तेव्हा चार वर्षांची होती. तिची वेणी कोण घालणार, हाच वेडा विचार डोक्यात घोंघावत राहिला.

डॉक्टरकडे जायला हवं होतं. नाही गेले. गेले तर ते नाव घेतील, आणि नाव घेतलं की ते खरं होईल, असं वाटायचं. नवऱ्यालाही सांगितलं नाही.

आणि नेमका त्याच आठवड्यात रविवारच्या पुरवणीत एक लेख आला. तेल, तूप, वनस्पती तूप, तळलेलं फार खाणाऱ्या बायकांना छातीच्या कॅन्सरचा धोका जास्त असू शकतो, असं काहीसं त्यात होतं. लिहिणाऱ्याने बिचाऱ्याने जपून लिहिलं होतं: संबंध असावा, खात्री नाही, अजून अभ्यास चालू आहे. शेवटी लिहिलं होतं की गाठ लागली तर ताबडतोब डॉक्टरांना दाखवा. बुडत्या बाईने काय वाचावं? मी फक्त तेल वाचलं. म्हटलं, तेलाने येत असेल तर तेल सोडल्यावर जाईलही. कात्रण कापून डाळीच्या डब्याखाली ठेवलं आणि घरात तेल बंद केलं.

वहिनी डब्याचं विचारायला आल्या, तेव्हा मी म्हणाले, "यंदा मला नको."

"काय गो बाय, दिवाळीला तेल नको? उपास धरलास का काय?"

मी हसायला गेले आणि भडाभडा रडले. सगळं सांगून टाकलं. मग उठून त्यांनी दार लावलं, कडी घातली, आणि माझा हात धरून आपल्या पदराखाली नेला. "मला पन हाय," म्हणाल्या. "गनपतीपासून."

त्यांची गाठ माझ्या गाठीसारखी नव्हती. दगडासारखी टणक, आणि दाबली तरी जागची हलत नव्हती. "पन दुखत नाय गो जराही," त्या म्हणाल्या. माझी दुखायची. म्हणजे त्यांचीच बरी, असं आम्ही दोघींनी ठरवून टाकलं. कप्पाळ आमचं!

मी कात्रण काढून त्यांना वाचून दाखवलं. एका श्वासात, वर्गात धडा वाचावा तसं. संबंध असावा, खात्री नाही, हे सगळं गाळलं. शेवटचा परिच्छेद आला तशी मी कात्रणाची घडी घातली. तो मला स्वतःलाच ऐकायचा नव्हता. त्यांनी विचारलं, "म्हंजे तेल सोडलं का जाईल?" मी म्हणाले, "जाईल."

त्या दिवाळीला आमच्या दोन्ही घरांत कढई चढली नाही. पोह्यांचा चिवडा कोरडा भाजला, तो पोरांनी थूः थूः करत खाल्ला. माझा नवरा रोज ताटावर बसला की विचारायचा, "काय, आजही दवाखान्याचं जेवण का?" वहिनींचं तर माझ्याहून अवघड होतं. तळलेल्या बोंबलाशिवाय ज्या घरात घास उतरत नव्हता, तिथे त्या मासे चिंचेच्या पाण्यात नुसते उकडायला लागल्या. नवरा ताट ढकलून उठायचा. त्या मूग गिळून गप्प बसायच्या, कुणाला काही सांगायचं नाही असं आमचं ठरलं होतं ना.

महिन्याभराने माझी गाठ कमी झाल्यासारखी वाटली. मी धावतच समोर गेले. "वहिनी, उतरतेय! तुमचीही उतरेल बघा." मग ती पुन्हा वाढल्यासारखी वाटली, तेव्हा मी गप्प राहिले. परत कमी वाटली की परत धावत गेले. वाईट बातमी माझ्याजवळ आणि चांगली त्यांच्याकडे, असं तीन-चार महिने चाललं. त्यांची काही उतरत नव्हती. त्या म्हणायच्या, "माजंच कायतरी चुकत असंल. परवा लेकीच्या घरी पुरी खाल्ली ना." आणि दुसऱ्या दिवसापासून आणखी कडक पाळायच्या. त्यांचे गाल बसत चालले होते. ते तेल सोडल्यामुळेच, अशी मी माझी समजूत घालत होते.

फेब्रुवारीत शाळेच्या प्रयोगशाळेत मुलींच्या तपासणीला एक डॉक्टरीणबाई आल्या. शेवटची मुलगी बाहेर गेली आणि माझे पाय प्रयोगशाळेच्या दारातून हलेचनात. "बाई, तुमचं काय?" त्यांनी विचारलं. मी तिथेच, उंदराच्या सांगाड्याच्या कपाटाशेजारी, पदर बाजूला केला.

त्यांनी गाठ इकडून तिकडे सरकवून पाहिली. "पाळीच्या आधी दुखते? नंतर कमी होते?" मी मान डोलावली. "ही साधी गाठ दिसतेय. सुई घालून तपासून घ्या, पण फार घाबरू नका." मी तेलाचं सांगितलं. त्या हसल्या. "तेल कमी केलंत, छान केलंत. तब्येतीला चांगलंच आहे. पण आलेली गाठ तेल सोडून जात नाही हो, बाई. ही तर पाळीबरोबर कमीजास्त होते."

मला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. तेवढ्यात मी विचारलं, "आणि टणक असली, हलत नसली, दुखतही नसली तर?"

त्यांचं हसू गेलं. "कुणाची आहे? उद्याच घेऊन जा."

शाळेपासून घर वीस मिनिटांवर. ती वीस मिनिटं मी कशी चालले, माझं मला माहीत. माझी गाठ साधी दिसत होती आणि मी मोरीतल्या त्या पहिल्या दिवसापेक्षा जास्त घाबरले होते. त्यांना काय सांगू? मी शिकवलेलं सगळं खोटं होतं, हे? वहिनी दारात तांदूळ निवडत बसल्या होत्या. मी सांगितलं तेव्हा त्यांनी हातातला खडा बाजूला टाकला आणि एवढंच विचारलं, "म्हंजे उगाच पोरांचे हाल केले आपन?"

लेखातल्या त्या अभ्यासाचं पुढे काय झालं, मला माहीत नाही. तेला-तुपाचा आणि त्या रोगाचा संबंध किती, यावर जाणकार आजही वाद घालतात. असेल, नसेलही. मला त्याचं आता काही नाही. वहिनींचं ऑपरेशन झालं. त्यानंतर वहिनी आणखी दोनच दिवाळ्या होत्या. दोन्ही वेळा आम्ही डबा घेतला. दुसऱ्या वेळी त्यांचा उजवा हात उचलला जात नव्हता, तेव्हा डाव्या हाताने त्यांनी माझं माप ओतलं. त्याही वेळी थेंब सांडला नाही.

पण माझी झोप उडते ती त्या पहिल्या दिवसाने. मुंबईचं मोठं इस्पितळ. पनवेल स्टँडवरून आम्ही एसटीने गेलो होतो. त्यांचा नवरा बाहेर कागदांच्या रांगेत होता, म्हणून आत मी होते, त्यांची पिशवी धरून. तपासणीच्या संमतीच्या कागदावर नर्सने त्यांचा अंगठा नुकताच घेतला होता. तरुण डॉक्टर कागद बघत होता.

"गाठ कधीपासून आहे?"

"गनपतीपासून."

"आणि आता येताय? इतके महिने काय करत होतात?"

"तेल बंद केलेलं."

"तेल?" तो एकदम चिडला. "हे कुणी सांगितलं तुम्हाला? कोण असले उद्योग शिकवतं?"

आता त्या माझ्याकडे बघतील. सगळा वॉर्ड माझ्याकडे बघेल. मी पिशवीचे बंद आवळून धरले.

वहिनींनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

"कोनी नाय," त्या म्हणाल्या. "मीच पेपरात वाचलेलं."

डॉक्टरने त्यांच्या अंगठ्याकडे पाहिलं. निळी शाई अजून ओली होती. मग त्याने माझ्याकडे, माझ्या चष्म्याकडे पाहिलं, आणि पुढे काही विचारलं नाही.

तेव्हा तरी मी तोंड उघडायला हवं होतं. मी नाही उघडलं.