टाळ खाणारे हेडफोन

गोंदियाजवळच्या फुलचूरमध्ये कुणाला हेडफोन घ्यायचा असला, की तो दुकानात जायच्या आधी जागेश्वरच्या घरी जायचा. राइस मिलमध्ये मशीन चालवणाऱ्या या सेहेचाळीस वर्षांच्या माणसाला ही सल्लागारी कुणी दिली नव्हती. त्यानं ती आपणहून घेतली होती आणि मोठ्या थाटात चालवली होती. कानात कोंबायच्या बारक्या हेडफोननं अर्ध्या तासात कान ठणकतो, असं तो सांगे. मानेत अडकवायचा कामाला बरा, वायरीची कटकट नाही, पण त्याच्या रबरानं खाज सुटते. सगळा कान झाकणारा मोठा घेतला, तर गादी मऊ आणि ढोलकी थेट छातीत वाजते. मात्र कान घामानं शिजतात आणि मिलचा कोंडा गादीला चिकटतो. एवढी नावं ठेवूनही तो स्वतः मोठाच वापरायचा.

परीक्षा घ्यायची त्याची रीतही ठरलेली होती. अर्जुनी मोरगावकडच्या आपल्या गावातली दंडार, म्हणजे तिकडचं नाचगाण्याचं लोकनाट्य, त्यानं एका दिवाळीत मोबाइलवर रेकॉर्ड करून ठेवली होती. तीत ढोलकी होती, पेटी होती, मागं गाणारे चौघे होते आणि टाळ होते. टाळाचा एकेक ठोका सुटा ऐकू आला तर हेडफोन पास, नाहीतर नापास.

मिलमधला त्याचा मान याच कानाचा होता. सकाळी मशीन आधी रिकामं सुरू करायचं, सगळ्यांनी गप्प उभं राहायचं आणि जागेश्वरनं डोळे मिटून ऐकायचं. त्यानं मान हलवली की मगच धान सोडायचं. रबराचा रोल झिजला, पट्टा सैल पडला, हे तो काहीही न उघडता सांगायचा. पंचवीस वर्षांत तिथं दुसऱ्या कुणाच्या कानाला किंमत उरली नव्हती. एकदा मान हलवून झाली की तो हेडफोन चढवायचा आणि मशीनला वरताण आवाजात दिवसभर गाणी लावायचा. कानात गाणं भरलेलं असलं की मशीनचा आवाज आत शिरत नाही, कान शाबूत राहतो, अशी त्याची पक्की समजूत. इतरांना अक्कल शिकवणाऱ्या माणसानं स्वतःच्या कानांची अशी माती करावी, याचा राग येतो.

त्याची मुलगी रेणू गोंदियाच्या बाजारात मोबाइलच्या दुकानात कामाला आहे. एका रविवारी तिनं मालकाला विचारून चार नवे हेडफोन घरी आणले. बाबांनी त्यातला एक निवडायचा आणि तो तिनं घेऊन द्यायचा, असं ठरलं होतं. जागेश्वरनं एकामागून एक चारही लावले आणि चारही काढून ठेवले.

"पहिला हलका हाये, पण टाळ खाते. हा बी खाते," तो म्हणाला. "आजकालच्या साऱ्या कंपन्या टाळ खाऊन रायल्या."

रेणूनं शेवटचा स्वतःच्या कानाला लावला. मग उरलेले तीनही लावून पाहिले. तिचा चेहरा उतरला.

"बाबा, टाळ तं चारहीत वाजून रायला. चांगला खणखणीत."

"तुह्या कानाले काय समजते?"

"एकडाव डॉक्टरले दाखवू ना."

"कायले? मिलमंदी समजलं तं सेठ मले मशीनवर ठेवीन का?"

म्हणजे त्याला कळत नव्हतं अशातला भाग नव्हता. जे कळलं ते त्यानं कंपन्यांच्या माथी मारलं आणि मोकळा झाला. रेणूनं चारही हेडफोन दुकानात परत नेले.

पंधरा दिवसांनी मिलमध्ये वच्छला त्याच्यापाशी आली. मशीनखाली सांडलेलं धान झाडून गोळा करणं हे तिचं काम. तिनं त्याच्या खांद्याला हात लावला, तेव्हा त्यानं हेडफोन काढला.

"जागेश्वरभाऊ, त्या एलिव्हेटरपासून बारीक चीं चीं येऊन रायली. कालपासून."

धान वर चढवणाऱ्या त्या उभ्या यंत्रापाशी जाऊन जागेश्वरनं डोळे मिटले. घरघर ऐकू आली, पट्ट्याची फटफट ऐकू आली, बाकी काही नाही. त्या क्षणी त्याला रेणूचं बोलणं आठवलं होतं. चीं चीं करणाऱ्या बेअरिंगला नुसतं बोट लावलं असतं तरी चटका बसला असता. पण जन्मभर कानानं मशीन ओळखणाऱ्यानं चारचौघांत हात लावून खात्री करायची, म्हणजे नाक कापून घेण्यासारखंच होतं.

"उंदीर असन वो बाई," तो म्हणाला.

पोती शिवणारे हसले. वच्छलाही ओशाळून हसली आणि झाडू घेऊन परत तिकडंच गेली.

तासाभरात बेअरिंग जाम झालं, पट्टा तुटला आणि त्याच्या ओढीनं वच्छलाचा उजवा हात पुलीत गेला. डॉक्टरांना तो मनगटापासून कापावा लागला.

चौकशीला सरकारी साहेब आला, तेव्हा मिलचे मालक उमेंद्रसेठ म्हणाले, बाईनं चालू मशीनमध्ये हात घातला. आवाज येत होता, मी सांगितलं होतं, असं वच्छला दवाखान्यातून सांगत होती. तिचं कुणी खरं धरेना. आवाज असता तर जागेश्वरला आला नसता का, असं मिलमधले सगळेच म्हणाले. आणि जागेश्वर तिथंच मूग गिळून उभा राहिला.

चौथ्या दिवशी त्यानं जेवणाचा डबा न उघडताच बाजूला ठेवला. तो उठून सेठच्या केबिनमध्ये गेला.

"सेठ, वच्छला खरं बोलून रायली. तिनं मले सांगतलं होतं. मलेच आयकू नाई आलं. बारीक आवाज मले येतच नाई आता."

सेठनं चष्मा काढला. "जागेश्वरभाऊ, तुमचं दिल बडा आहे. पण बाईसाठी खोटं कशाला बोलता?"

"खोटं नाई, सेठ."

सेठ उठून त्याच्या पाठीमागं गेले आणि हळूच म्हणाले, "चाय घेणार का?"

"नाई," जागेश्वर म्हणाला.

"देखो, बरोबर ऐकलं ना? जा, मशीन सुरू करा."

माणसाचं बोलणं त्याला ऐकू येत होतं, सगळे जाड आवाज येत होते. गेले होते ते फक्त बारीक आवाज. हे सेठला समजावून सांगणं त्याला जमेना, आणि समजून न घेणं सेठच्या सोयीचं होतं.

संध्याकाळी तो दवाखान्यात गेला. वच्छलानं त्याला बघून तोंड फिरवलं नाही. तेवढंही त्याला फार जड गेलं.

"सेठले सांगतलं," तो म्हणाला. "त्यानं इस्वास नाई ठेवला. उद्या डॉक्टरकडून कानाचं लिहून घेतो अना साहेबाले देतो."

"तुमचं काम जाईन."

"जाऊ दे."

मग जागेश्वरनं विचारलं, "कसा होता वो तो आवाज?"

वच्छला डाव्या हाताचा आधार घेऊन उठून बसली. मग तिनं दात आवळले आणि फटीतून हवा ओढून आवाज काढला. शेजारच्या खाटेवरची बाई दचकून वळली. जागेश्वरला वच्छलाचे ताणलेले ओठ दिसले, गळ्यावरची शीर दिसली.

"आला?" तिनं विचारलं.

"नाई."