बॅटरीवाली मशीन

सुकेशनी काय काम करते हे पेडगावात समजावून सांगायचं म्हणजे डोक्याला नुसता ताप. पुण्याची एक कंपनी आपल्या गिऱ्हाइकांच्या वेबसाईटसाठी इंटरनेटवरचे मोठे कम्प्युटर भाड्यानं घेते. ते नीट चालतात का, हे ही पोरगी घरी बसून बघते. एवढंच. पण तिच्या आईनं, सगुणाबाईनं, "आमच्या सुकेशनीकडं भाड्याच्या मशिनी हायत" असं चारचौघींत सांगून टाकलं, अन् सोयाबीन काढणीला आलं तशी दारात रीघ लागली. इथं मशीन म्हणजे मळणीची. दुसरी कोणती असती?

त्या दिवशी शेजारचा मुंजाजी भर दुपारी दारात येऊन उभा.

"पोरी, मशीन कवा देतीस? माल पडून हाय माझा."

"काका, ती मशीन न्हाई ओ ही! ही तर मलाबी दिसत न्हाई."

"दिसत न्हाई तर मग भाडं कशाचं?"

आता याच्यापुढं काय डोकं फोडून घ्यावं?

अन् नेमका तो दिवस असा, की तिचा जीव टांगणीला लागलेला. एका गिऱ्हाइकाची वेबसाईट सकाळपासून रखडत होती. महारुद्र सर, म्हणजे तिचे साहेब, फोनवर म्हणाले होते, "मशीन चांगली मोठी घेतलीय आपण. तूच काहीतरी बिघडवलं असशील. गावात बसून लक्ष लागत नाही तुझं. चूक तुझी निघाली तर सोमवारपासून पुण्यात ऑफिसला यायचं." पुणं म्हणजे आई एकटी. सगुणाबाईचा खुबा मोडलेला. वॉकर धरून न्हाणीपर्यंत जायची, तेही सुकेशनी मागं उभी असली तर.

त्यात कंपनीनं दिलेला लॅपटॉप असा रडका, की बटण दाबून चहा करून यावा. नवा द्या म्हणून दोन वर्षं ती सरांच्या मागं लागली होती. कोण ऐकतो!

तर सुकेशनीनं त्या दूरच्या मशिनीशी जोडणी केली. एक कमांड असते. ती टाईप केली की मशीन आपल्या पोटात काय काय आहे ते सगळं घडाघडा सांगते. ती टाईप करणार, तेवढ्यात लाईट गेली. राऊटर बंद. लॅपटॉप तेवढा आपल्या बॅटरीवर चालू राहिला. अन् दारातून मुंजाजी, "निदान दोन घंट्यापुरती तरी दे की!"

वैतागून तिनं मोबाईलचं नेट लावलं, कमांड मारली, अन् वाचून तिचा जीव भांड्यात पडला. चार कोअर, आठ जीबी मेमरी. घेतले होते सोळा अन् चौसष्ट! म्हणजे भाड्यानं देणाऱ्यांनीच टोपी घातली होती. तिनं सगळं जसंच्या तसं सरांना धाडलं.

सर असे पेटले, की त्यांनी लगेच त्या लोकांना मेल लिहिला: "हे भंगार दिलंत आम्हाला? असल्या मशिनीवर कुणी माणूस काम करू शकतो का? ताबडतोब बदलून द्या."

उत्तर आलं: "साहेब, आमच्या मशिनींना बॅटरी नसते. कॅमेराही नसतो. तुम्ही पाठवलेल्या माहितीत दोन्ही आहेत."

सुकेशनीनं कपाळावर हात मारला. अगं बाई! लाईट गेली तेव्हाच जोडणी तुटली होती, अन् कमांड चालली होती तिच्याच लॅपटॉपवर. बॅटरी म्हणून ढळढळीत लिहिलेलं, अन् हिला दिसलं नाही! लाईटच्या, मुंजाजीच्या अन् स्वतःच्या नावानं बोटं मोडून झाल्यावर तिनं पुन्हा जोडणी केली. मशीन पुरेपूर मोठी होती. गिऱ्हाइकानं स्वतःच सकाळपासून, ऐन कामाच्या वेळी, सगळ्या माहितीची नक्कल करणारा बॅकअप लावून ठेवला होता, म्हणून सगळं रखडलेलं. तिनं तो थांबवला, वेबसाईट पळायला लागली. तसं सरांना कळवेपर्यंत त्यांचाच फोन.

"हसं केलंस माझं सगळ्यांत! सोमवारी ऑफिसला ये."

फोन स्पीकरवर होता. सगुणाबाईनं ऐकलं. एका हातानं वॉकर धरून तिनं दोरीवरचे लेकीचे कपडे काढले अन् बाजेवर बसून घड्या घालायला लागली. "जा माय. मी करीन माझं."

ते बघून सुकेशनीचं डोकंच सणकलं.

"सर, एक वाचून दाखवते. 'हे भंगार दिलंत आम्हाला? असल्या मशिनीवर कुणी माणूस काम करू शकतो का? ताबडतोब बदलून द्या.' हे तुम्हीच लिहिलंय. माझ्या लॅपटॉपबद्दल. तुम्हीच दिलेल्या! दोन वर्षं मी दुसरं काय सांगायलेय तुमाला?"

पलीकडं सर खाकरले.

"सोमवारी ये," ते म्हणाले. "नवा लॅपटॉप घेऊन जा. अन् घरी त्या राऊटरला इन्व्हर्टर बसवून घे, बाई."

सुकेशनीनं फोन ठेवला.

"काय म्हणला गं?"

"नवी मशीन देतो म्हणला, आई. घरीच राहायचं."

सगुणाबाईनं घडी घातलेला ड्रेस तसाच तोंडाला लावून डोळे पुसले. मग दाराकडं मान वळवून मोठ्यानं हाक दिली, "ओ मुंजाजी! मशीन मिळाली हो!"