रविवारचं मटण

माणसांवर लिहायला हात तयार लागतो. आमच्या घरात पोस्टकार्डापलीकडे कुणी काही लिहिलेलं नाही. कॉलेजात जाणारा मीच पहिला. तेव्हा चूकभूल माफ करावी. पण नाचणगावच्या माझ्या घरमालक काकांइतका मटणावर जीव असलेला माणूस साऱ्या वर्धा जिल्ह्यात झाला नसेल, एवढं मात्र मी छातीठोकपणे सांगतो.

काकांचं किराणा दुकान होतं. साबण मागायला आलेल्या गिऱ्हाइकालाही ते रस्स्यात खसखस किती घालावी हे सांगितल्याशिवाय सोडत नसत. गल्लीत कुणाची हंडी चढली, की दुकानात बसूनच निकाल देत, "कांदा करपला." आठवड्यातले पाच दिवस मटण, उरलेले दोन दिवस त्याची आठवण.

एकदा वावरात जाताना छातीत कळ आली आणि काका शेताच्या बांधावर, धुऱ्यावरच बसले. डॉक्टरांनी बजावलं, "मटण आठवड्यातून एकदाच. नाहीतर पायी वावरात जाणं विसरा." वावर म्हणजे तर त्यांचा प्राण. त्यांनी रविवार ठरवला, आणि पहिल्याच रविवारी एवढी हंडी शिजवली की बुधवारपर्यंत पुरावी.

काकू संतापल्या. काका म्हणाले, "डाक्टरनं एकदा शिजवाले सांगतलं. कितीदा खातो, हे कुठं इचारलं?"

काकूंनी हंडी उचलून गल्लीत वाटून टाकली. सोमवारपासून त्याच मसाल्याच्या रस्स्यात बेसनाच्या पाटोड्या पडू लागल्या.

त्या वर्षी कॉलेजात पर्यावरणाचा पेपर नवा होता. मी भीतभीत सांगितलं, की मांसासाठी चारा-पाणी फार लागतं. काका हसतील असं वाटलं होतं. पण त्यांनी मान डोलावली. मग म्हणाले, "खरं हाय बे. लहानपणी गायरानात माणूस लपे एवढी झुडपं होती. आता बकऱ्या कोवळं पान राहू देत नाईत. अन् बकऱ्या कोनासाठी? आमच्याचसाठी ना!"

झालं! साबणाच्या गिऱ्हाइकाला आता खसखशीऐवजी गायरान ऐकावं लागे. खाटीक त्यांचा जुना दोस्त. तो कळवळला, "शेठ, माह्यं दुकान बंद करता का?"

"रविवारी येतो ना बे!"

चार महिन्यांनी काका वाटेत कुठंही न बसता पायी वावरात पोचले. परतले ते तुरीच्या शेंगा घेऊन. "घे पोट्ट्या," मला म्हणाले, "तुह्या पेपरले पास केलं."

पुढे मी नोकरीसाठी दूर गेलो. काका मात्र कितीतरी वर्षं वावरात जात राहिले. परवा काकूंचा फोन आला. काका गेले, त्या सकाळीही वावरात जाऊन आले होते. दहाव्याला पिंडाशेजारी पाटोड्यांचा रस्सा ठेवला, पण कावळा झाडावरून हलेना. सगळे हात जोडून थकले. शेवटी काकूंच्याच ध्यानात आलं, "अवं, आज रविवार हाय ना!"

खाटीक उठला, घरी जाऊन वाटी घेऊन आला. कावळा लगेच उतरला.

"एकच तुकडा घेतला रे त्यानं," काकू म्हणाल्या.