मेंढरांची साक्ष

आमच्या कागद गिरणीचं सांडपाणी पहिल्या टाकीत येतं तेव्हा शिळ्या चहासारखं दिसतं. त्यात लोखंडी पत्रे उभे करून वीज सोडली की पत्रे हळूहळू झिजतात, मळ गोळा होऊन बुडबुड्यांबरोबर वर येतो आणि तासाभरात खालचं पाणी नितळ होतं. नवखा माणूस इथेच फसतो. रंग गेलेला असतो, विरघळलेला मळ तसाच असतो. तो जाळण्यासाठी दुसऱ्या टाकीत आम्ल, हिराकस आणि हायड्रोजन पेरॉक्साइड घालावं लागतं, शेवटी चुना. त्यानंतरच ओढ्याकडचा व्हॉल्व्ह उघडायचा.

हे तपासायचं काम माझं. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजची पायरी चढलं नव्हतं. वडील मेंढरं राखतात. बीडला शिकत असताना आमचे सर म्हणायचे, डोळ्यांना काय वाटतं ते लिहू नका, ब्युरेट काय सांगते ते लिहा. त्यांचं ऋण मी कामातूनच फेडू शकते.

त्या उन्हाळ्यात पेरॉक्साइड संपलं होतं आणि दुसरी टाकी चार दिवस बंद होती. ओढ्याच्या पाण्याबद्दल गावाची तक्रार होतीच. मॅनेजरसाहेबांनी सरपंचांना आणि चार लोकांना बोलावलं, या, पाणी डोळ्यांनी बघा. मी सकाळचा नमुना तपासला. सीओडी, म्हणजे पाण्यातला न दिसणारा मळ, मर्यादेच्या कितीतरी वर होता. रजिस्टर घेऊन मी व्हॉल्व्हपाशी गेले, तर व्हॉल्व्हमधून पाणी ज्यात पडतं त्या शेजारच्या रिकाम्या हौदाभोवती मेंढरं दाटलेली आणि मधे आबा, माझे वडील.

"आबा, तुमी हितं कसं?"

"सायबानी बोलावलं. म्हणले, तुमच्या पोरीनं साफ केलेलं पाणी हाय, लोकांम्होरं मेंढरं पिऊ द्या. तुजंच नाव निगंल." मग मोठ्या कौतुकाने म्हणाले, "कालच्या दुपारपासून पाणी न्हाई दावलं. तहानलेलीच आना म्हणले व्हते."

मी रजिस्टर उघडून साहेबांकडे वळले.

"उघडा मॅडम," साहेब म्हणाले. "पाणी काचेसारखं आहे."

"नाही उघडणार. दुसरी टाकी चाललेलीच नाही. आकडा बघा."

गावातला एक जण हसला. "कावून ताई, सोताच्या कारखान्याच्या पाण्याला सोताच भेता व्हय?"

"भेते. म्हणून तर मोजते."

साहेब जवळ येऊन हळू आवाजात म्हणाले, "सोमवारपासून दुसरी केमिस्ट बघू का?"

"बघा. तिलाही हाच आकडा मिळेल."

मी सगळ्यांसमोर रजिस्टरात 'पाणी सोडू नये' असं लिहिलं, खाली सही केली. मग पान्याने व्हॉल्व्हचं चाक काढून काखेत मारलं. ओढणी ग्रीसने काळी झाली. आबांचा चेहरा पडला होता. चार लोकांत मी त्यांना खाली पाहायला लावलं होतं.

आबाच सरपंचांना म्हणाले, "तहानलेलं जितराब गटारीचंबी पितं. त्येची साक्ष धरू नका. म्या आनायलाच नको व्हती. पोरगी काय म्हणती ते ऐका."

त्यांनी शीळ घातली, पण पाण्याचा वास लागलेली मेंढरं हौद सोडेनात. आम्ही दोघांनी ती ढकलत कँटीनपर्यंत नेली. तिथला बोअरचा नळ मी कुणालाही न विचारता सोडला. मेंढरं प्यायली. सरपंचांनी रजिस्टरच्या पानाचा फोटो काढून घेतला.

सोमवारी दुसरी केमिस्ट आली नाही. पेरॉक्साइड यायला आठवडा लागला. तोवर गिरणीला तेच पाणी टाक्यांत फिरवत ठेवावं लागलं आणि एक मशीन बंद राहिलं. व्हॉल्व्हचं चाक माझ्या टेबलाखाली होतं. साहेबांनी दोनदा माणूस पाठवला. आकडा खाली आल्याशिवाय मी ते दिलं नाही.