न विचारता घेतलेली सवलत

ओहायोतल्या एका छोट्या गावात व्हर्लिन स्ट्राउड घर गरम ठेवणाऱ्या भट्ट्या घरोघरी जाऊन दुरुस्त करायचा. हात चांगला, पण शब्दाचा कच्चा. मुलगी टेसा कॉलेजात गेली तेव्हा तो छातीठोकपणे म्हणाला होता, "हॉस्टेलचं मी बघतो." बघितलं काहीच नाही. फी शिष्यवृत्तीतून गेली आणि हॉस्टेलचे पैसे टेसाने कॅन्टीनमध्ये राबून भरले.

मार्चमध्ये तो वाचनालयात गेला. तिथे हकबीबाई लोकांचे कराचे रिटर्न फुकट भरून देत. कागद बघून त्या म्हणाल्या, "हे बघ, शिष्यवृत्तीतले चार हजार डॉलर राहण्याजेवणासाठी वापरले असं धरलं, तर तेवढी फी खिशातून भरल्यासारखी होते. मग बाप म्हणून तुला करात अडीच हजारांची सवलत मिळते. पण ते चार हजार पोरीचं उत्पन्न ठरतात. तिला तिच्या रिटर्नमध्ये दाखवावे लागतील, थोडा करही बसेल. विचारलंयस तिला?"

"हो, झालंय बोलणं," व्हर्लिन म्हणाला.

बोलणं झालंच नव्हतं. कोणत्या तोंडाने विचारणार होता? पैसे आले आणि ट्रकच्या गिअरबॉक्समध्ये गेले.

एप्रिल सरता सरता टेसाचा फोन आला. आवाजात नुसता उत्साह.

"बाबा, ऐक ना! आमचे सर कराचं शिकवत होते. मी चार हजार माझ्या उत्पन्नात धरले ना, तर तुला अडीच हजार मिळतील! मी माझा रिटर्न भरलाय, पण दुरुस्त करता येतो. मला दीडेकशेचा फटका बसेल, बसू दे. तुझा ट्रक तरी नीट होईल."

व्हर्लिन ट्रकमध्येच बसला होता. 'वा, हुशार गं माझी पोर' एवढं म्हटलं असतं तरी निभावलं असतं. शब्द ओठांपर्यंत आलेही.

"टेसा, मी घेतलेत ते पैसे. मार्चमध्येच. तू हो म्हणालीस असं सांगितलं मी."

पलीकडे टेसाने कॅन्टीनमधलं ताट खाली ठेवल्याचा आवाज आला.

"मी हो म्हटलंच असतं, बाबा."

"माहितेय गं."

"माहीत होतं, तरी विचारलं नाहीस?"

तिने फोन ठेवला.

तिने रिटर्न दुरुस्त केला. कर त्याने भरला, पण त्या उन्हाळ्यात ती घरी आली नाही. खोटं बोललो हे त्याने हकबीबाईंना जाऊन सांगितलं, तेव्हा त्या चष्मा पुसत एवढंच म्हणाल्या, "पुढच्या वर्षी पोरीला घेऊन ये."

पुढच्या फेब्रुवारीत त्याने फोन केला. "रिटर्न भरायला माझ्याबरोबर येशील का?" असं विचारलं. टेसा आली. हकबीबाईंशी सगळं तीच बोलली, आकडे तिनेच ठरवले. व्हर्लिन शेजारच्या खुर्चीत टोपी हातात धरून बसला. सही कुठे करायची ते तिने बोटाने दाखवलं, तेव्हाही त्याने मान वर केली नाही.