उंदीर नव्हता

गच्चीवरच्या पाइपातून पाणी खाली पडत होतं. मे महिना. कॉलनीत पाणी सकाळी थोडा वेळ यायचं, त्यातही धार करंगळीएवढी. आणि इथं अख्ख्या बिल्डिंगची टाकी गटारात चालली होती.

रविवार होता. बायका आपापल्या गॅलरीत उभ्या. एरवी बादली कलंडली तरी पोराच्या पाठीत धपाटा घालणाऱ्या बायका. त्या दिवशी कोणी हळहळलं नाही. सगळ्या मधूनमधून आमच्या गॅलरीकडं बघायच्या.

मी आत येऊन आईला विचारलं, "काय झालं गं?"

आई भिंतीला टेकून बसली होती. गुडघे पोटाशी. "माका काय म्हायत," म्हणाली. माझ्याकडं बघितलं नाही.

संध्याकाळी जिन्यात बिल्डिंगचे सेक्रेटरी भेटले. ऑफिसात ते माझे साहेबच. म्हणाले, "टाकीत उंदीर पडला होता. रिकामी करून धुवून घेतली. सगळ्यांच्या तब्येतीचा प्रश्न."

मी म्हटलं, "बरं झालं साहेब, वेळेत कळलं."

बरं झालं म्हटलं मी. माझ्या तोंडानं.

आम्ही भांडुपच्या टेकडीवरचे. बाप मालवणाकडून मुंबईला आला आणि गिरणीत लागला. पण कापडखात्यात नाही. तिथं धागा तोंडानं ओढावा लागायचा. आमच्या तोंडचा धागा बाकीच्यांना कसा चालणार? बाप जन्मभर सूतखात्यात राहिला आणि छातीत कापूस भरून मेला. मग आई एका औषधांच्या कारखान्यात बाटल्या धुवायला जायची. घरी आली की हंडा घेऊन टेकडीखाली. पाणी खाली, आम्ही वर. मी रस्त्यावरच्या दिव्याखाली शिकले, टायपिंग केलं, परीक्षा दिली आणि अंधेरीत सरकारी ऑफिसात चिकटले. माझ्या ग्रेडला क्वार्टर मिळतं असं कळलं तेव्हा आईला आधी एकच विचारायचं होतं.

"घरात नळ आसा?"

आहे म्हटल्यावर ती रडली.

कॉलनीत चार बिल्डिंगा. पुढच्या तीन क्लार्क आणि साहेब लोकांच्या. मागची नाल्याला लागून. तिथं सफाईवाले, शिपाई, आमची माणसं. तसा काही नियम नव्हता. विचारलं असतं तर सगळे म्हणाले असते, छे छे, आता कोण मानतं असलं? तरी तसंच होतं. पुढच्या बिल्डिंगमध्ये राहायला आलेली आमच्यातली मी पहिली.

आमचं आडनाव गावावरून पडलेलं. त्यावरून काही कळायचं नाही. पहिल्या आठवड्यात समोरच्या वहिनी रोज यायच्या. "काही लागलं तर सांग हं, परकेपणा नको." एकदा अळूची भाजी दिली. एकदा आईच्या हाताला भाजलं तर स्वतः मलम लावून गेल्या. मग सामान लागलं आणि आईनं भिंतीवर पहिला खिळा ठोकला तो फोटोसाठी. निळ्या कोटातला, चष्म्यातला. दार उघडं होतं. वहिनी वाटी घेऊन उंबऱ्यात आल्या. फोटो बघितला.

"अगंबाई, दूध ठेवलंय गॅसवर," म्हणाल्या.

वाटी तशीच परत गेली.

पुढं कोणी काही बोललं नाही, तेच वाईट. शिवी दिली असती तर उलटून देता आली असती. नुसती दारं लागायची. मी जिना चढायला लागले की वरची पावलं थांबायची, मी आत जाईपर्यंत. जिन्यात खेळणारी पोरं आमच्या मजल्यावरून पळत जायची, भूत बघितल्यासारखी. आई म्हणायची, "सवय होतली तेंका." तिला स्वतःच्या नळाचा इतका आनंद होता की बाकीचं तिला दिसत नव्हतं.

टाकी ओतली त्याच्या दुसऱ्या दिवशी ती बोलली. भाकरी थापता थापता, पाठमोरी.

"मिरच्यो वाळत घालूक गेलंय गच्चीर. ऊन लागला. टाकीचा झाकाण उघडाच हुता. गडूभर पाणी घेतलंय नि थयच पियालंय."

"कोणी बघितलं?"

"समोरची. पापड घालीत हुती ती. तिना पण माझ्या आधी त्याच टाकीतला पाणी घेतलेला."

ती परत गच्चीवर गेली नाही. मिरच्या तिथंच वाळून काळ्या पडल्या.

मला सगळं कळलं होतं. सगळ्या बिल्डिंगला कळलं होतं. तरी मी डबा भरला आणि ऑफिसला गेले. माझं प्रोबेशन चालू होतं.

त्याच आठवड्यात साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं. बसा म्हणाले नाहीत.

"तुमच्या आईंना इथं करमत नसेल," ते म्हणाले. आवाज गोड. "मागच्या बिल्डिंगमध्ये तुमची मंडळी आहेत. तिथला एकजण अदलाबदलीला तयार होईल. मी वर बोलतो. तुम्हालाच मोकळं वाटेल."

मी हातातली फाइल दुसऱ्या हातात घेतली.

"प्रोबेशन कधी संपतंय तुमचं?"

"दिवाळीनंतर, साहेब."

"हं." ते हसले. "मग विचार करून सांगा. घाई नाही."

आईला विचारते म्हणून मी बाहेर आले. टाइपरायटरवर बसले तर बोटं चुकायला लागली. एक पान चार वेळा काढलं. खरं सांगते, मनात मी हो म्हणून टाकलं होतं. काय वाईट आहे मागच्या बिल्डिंगमध्ये? आपली माणसं. कोणी दार लावणार नाही. आईशी बोलायला चार बायका. स्वतःला असंच समजावत घरी आले.

घराला कुलूप होतं. मी जिन्यात उभी राहिले. खालून धापा ऐकू आल्या. सावकाश, थांबत थांबत कोणीतरी चढत होतं.

आई होती. कमरेवर हंडा. मागच्या बिल्डिंगच्या नळावरून भरून आणलेला. लुगडं भिजलेलं, तोंड लाल.

"घरात पाणी नाही?" मी विचारलं.

"आसा."

"मग हे काय?"

ती कुलूप काढत राहिली. मग हळूच म्हणाली, "भिया वाटता गो त्या नळाची. हात लावलंय तर परत टाकी ओततीत."

कधीपासून आणतेस म्हटलं तर म्हणाली, टाकी धुतल्यापासून. रोज. मी ऑफिसात असताना. प्यायला, भात घालायला, सगळं त्या हंड्यातलं. मी तेच पीत होते आणि मला पत्ता नव्हता.

ज्या बाईनं जन्मभर टेकडीवर पाणी चढवलं, ती आता घरात नळ असताना तीन जिने पाणी चढवत होती. मारलं नव्हतं तिला कोणी. शिवी दिली नव्हती. टाकी ओतून फक्त सांगितलं होतं, तू कोण आहेस ते. आणि तिनं ऐकलं होतं. ती मान्य करायला लागली होती.

मी हंडा तिच्या कमरेवरून घेतला, आत ठेवला. गडू उचलला.

"आई, चल गच्चीवर."

"नको गो. आपणाक हय ऱ्हवाचा आसा."

"म्हणूनच चल."

तिचा हात धरला. ती मागं ओढत होती, मी सोडला नाही.

गच्चीवर चार-पाच बायका वाळवण उचलत होत्या. समोरच्या वहिनीही. मी टाकीवर चढले. झाकण लोखंडाचं, जड. ढकललं तसं मोठ्यानं वाजलं. गडू बुडवला. तिथंच उभी राहून प्यायले, सगळ्यांच्या देखत. मग परत भरून आईला दिला. अर्धं पाणी तिच्या हनुवटीवरून गळ्यात गेलं. पण प्याली. सगळा संपवला.

कोणीतरी पळत खाली गेलं. सेक्रेटरी लेंगा-बनियनवर वर आले.

"काय चाललंय हे?"

"पाणी पितोय."

"टाकीला हात लावायचा नाही, ठरलंय ना? उंदीर पडला होता म्हणून..."

"उंदीर नव्हता," मी म्हटलं. "माझी आई होती."

मी वहिनींकडं वळले. "वहिनी, तुम्ही पण घेता ना यातलं पाणी? सांगा त्यांना." वहिनी ताटलीतले पापड मोजल्यासारखे हलवत राहिल्या. मान वर केली नाही.

"आता आम्ही दोघी प्यालोय," मी म्हटलं. "करा रिकामी. व्हॉल्व्ह तिकडं आहे."

त्यांनी टाकीत बघितलं. पाणी जेमतेम निम्म्यावर होतं. दुसरं पाणी उद्या सकाळी, आलं तर. घरोघरी स्वयंपाक व्हायचा होता, पोरांच्या आंघोळी व्हायच्या होत्या.

व्हॉल्व्हला कोणी हात लावला नाही.

जाताना ते माझ्या जवळून गेले. "हे जड जाईल तुम्हाला," म्हणाले. आवाज चढवला नाही. त्याचीच भीती वाटली.

आणि जड गेलं. माझं प्रोबेशन वाढलं. कामात सुधारणा हवी, म्हणे. आमच्या मजल्यावरचा बल्ब रोज जायचा. मी लावायचे, सकाळी होल्डर रिकामा. दूधवाला यायचा बंद झाला, कारण सांगेना. मग एक दिवस आईनं दार उघडलं तर कडीला मेलेला उंदीर बांधला होता. शेपटीला सुतळी. नीट गाठ मारलेली.

आईनं तो सोडवला, कागदात गुंडाळला, खाली टाकून आली. हात धुतले. आमच्याच नळाखाली धुतले, हे मी बघितलं. मग लुगडी पिशवीत भरायला लागली. भांडुपला मामाकडं जाते म्हणाली. मी अडवलं तर माझ्या तोंडावरून हात फिरवला.

"माझा झाला आता. तू सोडू नको हां."

मी सोडलं नाही. एकटी राहिले. शूर होते म्हणून नाही. जिना चढून आले की रोज आधी दाराची कडी बघायचे, अजूनही बघते. पण मला एक कळून चुकलं होतं. ही जागा मला कोणी दया म्हणून दिलेली नाही. मी उठले की मागची बिल्डिंग आमची आणि पुढची त्यांची, हे कायमचं होऊन बसेल. आमची पोरं चालायला लागायच्या आधी ते शिकतील.

पुढच्या वर्षी नागपूरहून एक मुलगी बदलून आली. आमच्यातलीच. आमच्याच बिल्डिंगमध्ये तळमजल्यावरची खोली तिच्या नावावर निघाली. साहेबांनी तिलाही केबिनमध्ये बोलावलं. बाहेर आली ती सरळ माझ्या टेबलाशी.

"ताई, तुम्ही तिथं राहता ना? साहेब म्हणतात मागच्या बिल्डिंगमध्ये बरं पडेल. मी विचार करून राहिली, हो म्हणून टाकू काय?"

मी तिला सगळं सांगितलं. काही लपवलं नाही. उंदीर, सुतळी, बल्ब, आई गेली ते. ऐकताना ती पांढरी पडली.

"भीती नाही वाटत तुम्हाला?"

"वाटते. तुलाही वाटेल. घे खोली."

ती परत केबिनमध्ये गेली आणि नाही सांगून आली.

रविवारी टेम्पो आला. तिची पेटी, गादी, स्टोव्ह. गॅलऱ्या भरल्या होत्या. वरच्या मजल्यावर कोणाचं तरी दार आपटलं. सेक्रेटरी गेटपाशी हाताची घडी घालून उभे. मी खाली उतरले आणि पेटीचं एक टोक धरलं.

"ताई, सगळे बघून राहिले," ती पुटपुटली.

"बघू दे," मी म्हटलं, सेक्रेटरींना ऐकू जाईल एवढ्यानं. "इथले दोघं रिटायर होतायत या वर्षात. त्या खोल्यांना कोणी अर्ज करायचा ते मी मागच्या बिल्डिंगमध्ये जाऊन सांगून आलेय. उचल पेटी."