मामाचा हात आणि बाबांचा खांदा

माझ्या मामाने माणसांचा जेवढा छळ केला तेवढा अख्ख्या मुंबईत दुसऱ्या कोणी केला नसेल, आणि तोही फुकट, पदरचं तेल घालून. आईचा हा थोरला भाऊ काळाचौकीला राहायचा. गिरणीत फिटर होता. तरुणपणी तालमीत पहिलवानांची अंगं रगडताना त्याच्या बोटांना जे कळू लागलं, ते त्याने जन्मभर आमच्यावर चालवलं. बरं, पाठ धरली म्हणून बिचारा कोणी सदरा काढून त्याच्यासमोर बसावा, तर हा आधी फौजदारासारखी जबानी घ्यायचा. ताप आहे का, जेवून किती वेळ झाला, कुठे पडलास का, हातापायाला मुंग्या येतात का, डॉक्टरने काही सांगितलंय का. निम्मी माणसं जबानीतच उठून जायची. उरलेल्यांच्या पाठीवर तो तळहात फिरवून अंग गरम करायचा आणि मग अंगठा किंवा कोपर एका गाठीवर टेकवून हळूहळू असा आत जायचा, की शेजारच्या माणसाचा चहा पिऊन व्हावा. ‘‘दारार धडक मारूची नाय,’’ तो म्हणायचा, ‘‘आतलो माणूस कडी काढीपर्यंत उभ्या रवाचा.’’ मणक्यावर मात्र तो बोट ठेवायचा नाही. आमच्या मजल्यावरचे एक गृहस्थ पाठ दुखली की पालथे पडून पोरांना अंगावर नाचवायचे. मामाने ते एकदा पाहिलं आणि दारात उभं राहून इतका आरडाओरडा केला की त्या गृहस्थांनी पुढे सहा महिने आमच्याशी अबोला धरला.

बायकांच्या अंगाला तो हात लावायचा नाही. म्हणून आमची सुटका व्हावी ना? छे! शाळेतल्या वह्या तपासून माझी मान आखडली की हा दाराकडे तोंड करून बसायचा आणि आईला हुकूम सोडायचा, ‘‘हाडार नको, त्येच्या बाजूक. चेडवाक श्वास सोडूक सांग. सोडल्यान? आता दाब.’’ माझ्याकडे पाठ करून बसलेल्या माणसाला मी श्वास रोखलाय हे कसं कळायचं, देव जाणे. मला संताप यायचा. आणि दुसऱ्या दिवशी मान दोन्हीकडे वळायची, त्याचा आणखी संताप यायचा.

ते दिवस संयुक्त महाराष्ट्राच्या धामधुमीचे. परळला, दादरला सभांवर सभा. लोक भाषणं ऐकायचे आणि आमचा मामा वक्त्यांच्या माना बघायचा. एकदा सगळं मैदान घोषणांनी दुमदुमत होतं, माझ्या अंगावर काटा आलेला, आणि हा माझ्या कानाशी लागून म्हणाला, ‘‘मुंबय मेळतली गो, पण ह्येची मान कायमची जातली.’’ सभा संपल्यावर तो खरंच व्यासपीठाकडे निघाला होता. मी त्याचा सदरा धरून ठेवला. मोर्चाच्या पळापळीत पडून कोणाचा घोटा सुजला, कोणाच्या मांडीवर काळंनिळं आलं, की पोरं लंगडत त्याच्याकडे यायची. देशकार्यात मार खाल्लेली पोरं! त्यांच्यावर हा खेकसायचा, ‘‘सुजेर चोळूचा नसता. डॉक्टराक दाखव. सूज गेल्यार ये, मगे बघतंय.’’ आणि दार लावून घ्यायचा.

पण हे सगळं मी पोटात घातलं असतं. त्याने माझं स्थळ घालवलं ते मी अजून विसरलेले नाही. गिरगावातून मला बघायला आले होते. पोहे झाले, प्रश्न झाले, मुलगा मान खाली घालून हसला. मला तो आवडला होता, आता सांगायला काय हरकत आहे? मुलाच्या वडिलांच्या कानावर मामाची कीर्ती गेलेली. ते कौतुकाने म्हणाले, ‘‘अहो, चार दिवस ही डावी पोटरी दुखतेय, जरा दाबून द्या पाहू.’’ मामाने दोन्ही पोटऱ्यांना उलटा हात लावून पाहिला आणि भर बैठकीत सांगितलं, ‘‘एकच पाय सुजलाय आणि ऊन लागतोय. मी दाबायचो नाही. दुसऱ्या कोणाकडूनही दाबून घेऊ नका. आज, इथूनच दवाखान्यात जा.’’ नुसतं थापटल्यासारखं केलं असतं तर कोणाचं काय बिघडलं असतं, असं मला तेव्हा वाटलं. आपल्या घराण्यात खोट काढली असं समजून ती मंडळी उठली ती उठलीच. त्यांच्या पायाचं पुढे काय झालं, हे कळवायला ते थोडेच येणार होते!

आणि मग बाबांचा खांदा आला. बाबा गिरणीत साचे, म्हणजे कापडाचे माग, चालवायचे. त्यांचा उजवा हात वर जाईनासा झाला होता आणि ते तो सगळ्यांपासून लपवत होते. सदरा डाव्या हाताने खुंटीवर टांगायचे, जेवताना वाकून घास घ्यायचे. मुकादमाच्या लक्षात आलं असतं तर साचे दुसऱ्याला गेले असते, आणि माझ्या मास्तरकीच्या पगारात घर चालणारं नव्हतं. आईने मामाला बोलावलं. मामाने आधी त्यांना इस्पितळात नेऊन हाडाचा फोटो काढायला लावला. हाड शाबूत निघालं. मग तेलाची वाटी घेऊन मागे बसला आणि अट घातली, ‘‘भावजी, दुखला की सांगूक व्हया.’’

बाबांनी आयुष्यात ‘दुखतं’ हा शब्द उच्चारला नव्हता. मामा दाबायचा, विचारायचा. बाबा भिंतीकडे बघत म्हणायचे, ‘‘काय नाय. बरा हा.’’ की मामा हात पुसून चालता व्हायचा. एकदा नाही, तीनदा! तिसऱ्यांदा मी त्याला जिन्यावर गाठलं आणि चाळ ऐकेल अशी ओरडले, ‘‘मामा, आमची चूल विझायची वेळ आलीय आणि तू नियम कसले सांगतोस?’’ मला वाटलं, हा उलटून बोलेल. तो पायरीवर खालीच बसला. ‘‘गाठ खंय हा तां माझ्या बोटांक कळता,’’ तो म्हणाला. ‘‘ते किती सोसतत तां माका कसा कळतला? जोर लावन् आणि खांदो कायमचो जायत, मगे?’’

आई दारात उभी राहून ऐकत होती. तिने त्याला हाताला धरून परत आत आणलं, बाबांच्या समोर फतकल मारून बसली आणि त्यांच्या पायांकडे नजर लावली. ‘‘तू दाब,’’ ती म्हणाली. बाबांच्या पायाचे अंगठे आत वळले की ती म्हणायची, ‘‘दादा, बस. दुखता त्यांका.’’ अंगठे सुटले की, ‘‘आता दाब.’’ बाबांनी डोळे वटारले, पण उठले नाहीत. इतकी वर्षं ती त्यांचे पाय वाचत होती हे त्यांना त्या दिवशी कळलं असावं. मला तर नक्कीच कळलं. अशा कितीतरी संध्याकाळी गेल्या आणि एके सकाळी बाबांनी सदरा उजव्या हाताने खुंटीवर टांगला.

पुढे महाराष्ट्र झाला, मुंबई मिळाली, बाबा निवृत्त झाले. मग आई गेली. ती गेल्यावर बाबा रडले नाहीत. लोक बरे आहात का म्हणायचे, ते मान हलवायचे. महिन्याभराने त्यांचा हात पुन्हा वर जाईना. मीच मामाला बोलावणं धाडलं. तो आता वाकला होता, जिना चढताना दोनदा थांबला. त्याने तेल गरम केलं, बाबांच्या मागे बसला आणि दोन्ही हात खांद्यावर टेकवले. टेकवले फक्त. दाबायला त्याने सुरुवातही केली नव्हती.

‘‘दुखता,’’ बाबा म्हणाले.

मी मामाच्या तोंडाकडे पाहिलं. आता जबानी सुरू होणार, कुठे, किती, कधीपासून, आणि आज मी त्याला एक अक्षर बोलू देणार नव्हते. पण त्याने काहीच विचारलं नाही. गेली ती त्याचीही बहीण होती. हात तसेच ठेवून तो बसून राहिला, आणि बाबा भिंतीकडे बघत पुन:पुन्हा तेवढंच सांगत राहिले.